झुंबरबाईची जागा

"ताई, उपपत्नी म्हंजे ठेवलेली बाई ना?"

तृप्तीनं सरळ विचारलं आणि चटईवर बसलेल्या पोरांमध्ये खसखस पिकली. सुवार्ता मकासरे मात्र हसली नाही. उपासना संपल्यावर चर्चच्या बाजूच्या खोलीत ती दर रविवारी तरुण संघाचा वर्ग घ्यायची. पोरांनी अवघड प्रश्न विचारावेत म्हणूनच ती अवघड अध्याय काढायची. आज बायबलातलं शमुवेलाचं दुसरं पुस्तक उघडलं होतं.

"हो," ती म्हणाली. "रिस्पा ही शौल राजाची लग्नाची बायको नव्हती. पुढं?"

"मंग तिचं नाव बायबलात कसं काय? आपल्या इथं तर तसल्या बाईला आत बी येऊ देत न्हाईत."

हसू एकदम थांबलं. सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. बाहेर चर्चच्या ओट्यावर झुंबरबाई नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली होती.

झुंबरबाई ह्याच गावातल्या ख्रिस्ती घरातली. तरुणपणी ती रखमाजीसोबत निघून गेली होती. रखमाजी बँडमध्ये वाजवायचा. तो ख्रिस्ती नव्हता, आणि घरी त्याची बायको होती. त्याला सोड आणि मग ये, असं चर्चनं झुंबरबाईला बजावलं. तिनं सोडलं नाही. तिकडं भोकरदनच्या बाजूला, धावड्याला, दोघं म्हातारे होईपर्यंत एकत्र राहिले. रखमाजी वारला तेव्हा ती गावी परतली. भावाच्या पोरांनी दार उघडलं नाही. शेवटी बौद्ध वस्तीतल्या सुमेधाताईंनी, अंगणवाडीत काम करतात त्यांनी, आपल्या घराची मागची खोली तिला दिली. आष्टीच्या बाजारात शेंगा विकून ती पोट भरायची आणि रविवारी चर्चला यायची. एकदा ती आत शेवटच्या बाकावर बसली, तर त्या बाकावरची माणसं उठून पुढं गेली. तेव्हापासून ती ओट्यावरच बसू लागली.

सुवार्ता उठून दारात गेली. "झुंबरआजी, आत या. वर्गात बसा."

"मी कशाला गं बाई? तुझ्या पप्पानं पाह्यलं तर?"

"पाहू द्या."

तिचे पप्पा म्हणजे तातेराव मकासरे, निवृत्त मुख्याध्यापक आणि चर्च कमिटीचे सेक्रेटरी. ते तेव्हा अंगणात लोकांशी बोलत उभे होते. त्यांनी पाहिलं. मग पाठ फिरवून पुन्हा लोकांशी बोलू लागले.

झुंबरबाई दाराशीच टेकली आणि सुवार्तानं गोष्ट सांगितली. शौल मेल्यावर त्याच्या गुन्ह्याची भरपाई म्हणून नव्या राजानं, दावीदानं, रिस्पाची दोन्ही पोरं शत्रूंच्या हवाली केली; त्यांनी त्यांना डोंगरावर फाशी दिलं आणि प्रेतं तशीच उघड्यावर टाकली. पुरायची परवानगी नाही. मग ही बाई खडकावर गोणपाट अंथरून बसली. दिवसा पाखरं हाकलायची, रात्री जनावरं. कापणीचे दिवस गेले, पाऊस आला तरी ती हलली नाही. शेवटी ते दावीद राजाच्या कानावर गेलं, आणि त्यानं हाडं गोळा करून रीतसर पुरली.

"राजाला लाज वाटली व्हय?" झुंबरबाईनं विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही, आजी. पण तिच्यामुळंच तो हलला."

"कोणी तिला हाकललं न्हाई?"

"हाकललं असंल. ती उठली न्हाई."

झुंबरबाई पोरांकडं बघत म्हणाली, "मला पोर ना बाळ. मी मेल्यावर माझ्यापाशी कोण बसंल? एवढंच करा, मला मायच्या शेजारी पुरा. कबरस्थानात लिंबाखाली माय हाये माझी."

"पुरू की आजी, टेन्शन न्हाई," अंगद म्हणाला. तो सगळ्यात मोठा, बारावीतला, कशालाही हो म्हणणारा. ह्या वेळी मात्र पोरं हसली नाहीत.

मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, झुंबरबाई गेली. सकाळी चहा द्यायला गेलेल्या सुमेधाताईंना ती अंथरुणातच थंड सापडली. त्यांनी पहिला फोन सुवार्ताला केला. सुवार्ता आष्टीला खताच्या दुकानात काउंटरवर काम करायची. ती दुकानात पोचली होती, तशीच मालकाला सांगून परत फिरली.

घरी तातेराव पंख्याखाली पेपर वाचत बसले होते.

"पप्पा, झुंबरआजी गेल्या. कबरस्थानाची चावी द्या. आणि मयताची पेटी."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "कळलं मला. कमिटीतल्या सगळ्यांशी फोनवर बोलून झालं. आपल्या कबरस्थानात तिला जागा नाही."

"का?"

"का ते तुला माहीत आहे. आयुष्यभर दुसऱ्या बाईच्या नवऱ्यापाशी राहिली. पश्चात्ताप केला असता तर गोष्ट वेगळी होती."

"तिला आत बसू दिलं असतं तर कदाचित केला असता. कदाचित नसता केला. तुम्ही विचारलं का कधी तिला?"

"सुवार्ता, नियम मी केलेला नाही."

"कुलूप तर तुम्हीच लावून राह्यलात ना?"

तातेरावांचा आवाज चढला. "उद्या कोणीबी काहीबी करंल आन् म्हणंल, आम्हाला इथंच पुरा. मंग चर्च कशाला पाहिजे? शिस्त कशाला पाहिजे? तू पोरांना काय शिकवून राह्यली ते मला बराबर माहीत आहे."

"बायबल शिकवते," ती म्हणाली आणि बाहेर पडली. आजपर्यंत ह्या माणसाशी ती एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. रात्री दिव्याखाली शेजारी बसवून ज्यांनी तिला बायबल वाचायला शिकवलं, ते हेच.

तिनं चर्चच्या पाळकसाहेबांना जालन्याला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि म्हणाले, "सुवार्ता, कमिटीच्या विरोधात जाऊन मला येता येणार नाही. तुम्ही दुसरीकडं काही व्यवस्था होते का पाहा."

दुसरीकडं व्यवस्था होत होती. सुमेधाताईंनी ती आधीच केली होती. "आमच्या स्मशानभूमीत आणा," त्या म्हणाल्या. "आमच्या लोकांशी बोलले मी. कोणाची ना न्हाई. उगं बापलेकीत भांडण कशाला?"

एव्हाना तरुण संघाची पोरं जमली होती. सुमेधाताईंच्या अंगणात, भिंतीच्या सावलीला दाटीवाटीनं उभी होती. सुवार्तानं त्यांच्याकडं पाहिलं. सुमेधाताईंचं ऐकलं तर सगळं सोपं होतं. कोणाशी वाकडं नाही, आणि मातीही चांगल्या माणसांच्या हातून पडली असती.

"ताई," तृप्ती म्हणाली, "आपण हो म्हणलो होतो त्यांना."

"मी म्हणलो होतो," अंगद म्हणाला.

सुवार्तानं सुमेधाताईंचा हात धरला. "तुमचे उपकार मी विसरणार न्हाई. पण ती तुमच्याकडं आली तर आमची माणसं सुटतील, ताई. त्यांना सोडायचं न्हाई मला."

सुमेधाताईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग घरातून एक कोरी पांढरी साडी आणली. "मंग हिच्यात गुंडाळा. जल्दी करा, ऊन चढून राह्यलंय."

पेटी चर्चमध्ये कुलपात होती. त्यांनी झुंबरबाईला तिच्याच बाजेवर ठेवलं आणि बाज खांद्यावर घेतली; सुमेधाताईही मागून चालू लागल्या. टिकाव, फावडं, पहार, घमेली ज्याच्या त्याच्या घरून आली. गावातून जाताना लोक दारात येऊन उभे राहिले. कोणी हात जोडले, कोणी तोंड फिरवलं.

कबरस्थानाच्या फाटकाला कुलूप होतं आणि फाटकासमोर तातेराव उभे होते. सोबत कमिटीतले दोघं-तिघं.

"बाज खाली ठेवू नका," ते म्हणाले. "परत न्या."

"ठेवा," सुवार्ता म्हणाली. पोरांनी फाटकाबाहेरच्या बाभळीच्या विरळ सावलीत बाज ठेवली. तृप्तीनं ओढणीनं माश्या वारायला सुरुवात केली.

"मी पोलिसांना बोलवीन."

"बोलवा, पप्पा. काय सांगाल? ख्रिस्ती बाईला ख्रिस्ती लोकं पुरून राह्यलीत, त्यांना धरा म्हणून?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. तातेरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी फोन काढला, पण पोलिसांना नाही, पोरांच्या आईबापांना लावला. ते असं करतील हे सुवार्ताच्या ध्यानात आलं नव्हतं. थोड्या वेळानं एकेक जण येऊ लागला. एकानं पोराची मानगूट धरून त्याला ओढत नेलं. एकीनं पोरीला दोन शिव्या हासडल्या, पोरगी रडत मागं बघत गेली. कोणी मोटरसायकलवरून नुसतीच हाक मारली आणि पोरगं मान खाली घालून मागं जाऊन बसलं. सुवार्तानं कोणालाच थांबवलं नाही. "जा," ती म्हणत होती, "आईबापाचं ऐका. मी रागवणार न्हाई." पण आतून ती खचत चालली होती. उरलेल्या पोरांना आता बाज उचलणंही जड जाणार होतं.

मग तृप्तीची आई आली. उन्हातून चालत आलेली, डोक्यावर पदर. फाटकाशी थांबून तिनं आधी तातेरावांकडं पाहिलं, मग बाजेकडं, मग ओढणी हलवत बसलेल्या आपल्या लेकीकडं.

"तृप्ते, चल घरी."

"न्हाई येत."

"चल म्हणते ना."

"आई, मी उठले तर माश्या बसतील."

बाई तिथंच उभी राहिली. मग ती लेकीशेजारी मातीत बसली आणि तिच्या हातातून ओढणी घेतली. "दे इकडं. हात दुखला असंल तुझा."

सुवार्ता उठली. तिनं अंगदकडून पहार घेतली आणि फाटकापाशी गेली. तातेराव हलले नाहीत. दोघांमध्ये हातभराचं अंतर होतं.

"बाजूला व्हा, पप्पा. लागंल तुम्हाला."

"माझ्यासमोर कुलूप तोडशील?"

"तुमच्यासमोरच तोडते. मागून तोडलं असतं तर चोरी झाली असती."

ते तिच्या डोळ्यांत बघत राहिले. मग एक पाऊल बाजूला झाले, एकच. त्यांना तिचं पटलं होतं असं नाही. पोरीच्या अंगावर हात टाकणं त्यांना जमलं नाही, इतकंच. पहारीच्या पहिल्या दोन घावांना कुलूप नुसतं वाजलं. मग कडी तुटून मातीत पडली.

लिंबाखाली वरची माती भुसभुशीत होती, खाली मुरूम लागला. टिकाव आपटला की ठिणगी उडायची. पोरं आळीपाळीनं खणत होती, पोरी घमेल्यांनी माती उपसत होत्या. तृप्तीच्या आईनं कुठून तरी पाण्याची कळशी आणली. बापानं ओढत नेलेलं पोरगं मागच्या भिंतीवरून उडी मारून परत आलं आणि फावडं घेऊन खड्ड्यात उतरलं. सुवार्ताचे तळहात फुटले. कमिटीतले लोक कधीच निघून गेले होते. तातेराव मात्र फाटकाशी उन्हात उभे होते. ते आतही आले नाहीत आणि घरीही गेले नाहीत.

झुंबरबाईला खाली उतरवलं तेव्हा प्रार्थना कोणी करायची हा प्रश्न आला. सुवार्ता पुढं झाली. "देवा," ती म्हणाली, "ही झुंबरबाई. तू हिला ओळखतोस. आम्ही हिला ओट्यावर बसवलं. तू आत घे." आमेन म्हणून ती मागं सरली. सुमेधाताई डोळे पुसत होत्या. तृप्तीनं पहिली मूठ माती टाकली.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर कमिटीनं सुवार्ताला सगळ्या मंडळीसमोर उभं केलं. कुलूप तोडल्याबद्दल माफी माग, म्हणजे विषय संपेल, असं अध्यक्ष म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच विषय संपवायचा होता.

"कुलूप नवीन आणून देते," सुवार्ता म्हणाली. "माफी न्हाई मागणार. तुम्ही उद्या आणखी कोणाला बाहेर ठेवलं तर मी परत येईन. आत्ताच सांगून ठेवते."

मंडळीत कुजबुज झाली. तिला तरुण संघातून काढल्याचं आणि बाजूची खोली बंद केल्याचं जाहीर झालं. तातेरावांनी हात वर करून ठरावाला संमती दिली. तिनं ते पाहिलं.

ती बाहेर आली तर ते स्कूटर चालू करून उभे होते. "बस मागं."

ती बसली. अर्ध्या वाटेत ते मान न वळवता म्हणाले, "तू चूक केलीस असं मी अजून म्हणतो."

"म्हणा."

"आणि पाळक नसताना मातीच्या वेळी प्रार्थना..."

"ती वाईट झाली का?"

सुमेधाताईंच्या गल्लीचं वळण आलं तसं तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पप्पा, इथं थांबवा."

त्यांनी थांबवलं. सुमेधाताईंच्या अंगणात चटई अंथरलेली होती. आधीच्या निम्मीच पोरं आली होती, पण आली होती. तृप्तीची आई कडेला बसली होती. अंगद आणि तृप्ती कोणता अध्याय घ्यायचा यावरून भांडत होते, आणि तृप्ती जिंकत होती.

"जेवायला किती वाजता येशील?" तातेरावांनी विचारलं.

"उशीर होईल. ह्यांचे प्रश्न लवकर संपत न्हाईत."

स्कूटर पुढं गेली. सुवार्तानं चपला काढल्या आणि ती चटईवर जाऊन बसली.