बापाच्या पायातलं टेंडन

मैदानावरची पोरं त्याला पाठीमागे ‘शिट्टी’ म्हणायची. बायको तोंडावर म्हणायची, एवढाच काय तो फरक. फुटबॉलचा हा प्रशिक्षक बोलायला लागला की समोरच्याची डाळ शिजत नसे. आज मात्र हाडांच्या डॉक्टरबाईंपुढे तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता. शेजारी सोळा वर्षांची लेक, गुडघ्याला पट्टा बांधलेली.

तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, तेव्हा त्याच पायाच्या मांडीमागचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, काढून तिथे बसवलं होतं. आता तेही तुटलं होतं.

“दुसऱ्या पायातलं घेतलं असतं,” बाई म्हणाल्या. “पण नुसतं जिन्यावरून घसरून तुटलं म्हणता, म्हणजे हिचं टेंडनच मुळात कच्चं दिसतंय. पुढे खेळू द्यायचं का, हाही प्रश्नच आहे. अशा वेळी आई-वडिलांपैकी कुणाचं घेता येतं.”

“माझं घ्या,” तो लगेच म्हणाला. “दोन्ही पायांतलं घ्या.”

खरं तर त्याला हायसं वाटलं. लेक जिन्यावरून घसरलीच नव्हती. नऊ महिने खेळायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. पण निम्म्या काळातच सूज ओसरली, दुखणं थांबलं. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हे खेळाडूंचं जुनं शहाणपण. बसवलेलं टेंडन आत रुजलेलं नसतं आणि पाय मात्र हलका वाटतो. भले भले तिथेच फसतात. अंतिम सामना होता. लेक नको म्हणत असताना यानं तिला उतरवलं. जिन्याची थाप त्याचीच, आणि बापाची अब्रू जाऊ नये म्हणून लेकीनं ती निमूट गिळली.

आता पायातलं टेंडन दिलं की फिटंफाट. असली गणितं माणसाला बरोबर सुचतात.

“मी कच्ची आहे का, बाबा?” लेकीनं हळूच विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. पाय कापून द्यायला तयार झालेल्या माणसाची जीभ उचलेना.

“जिना नव्हता, डॉक्टर,” तो शेवटी म्हणाला. “मी खेळवलं. ती नको म्हणत होती.”

बाईंनी उठून लेकीच्या धडधाकट पायाची मांडी मागून चाचपली.

“मग तुझ्यात काही खोट नाही, बाळा. याच पायातलं घेऊ.”

“आणि माझं?” त्यानं विचारलं.

“तुमचं नको.”

लेकीनं डोळे पुसले. “मी परत खेळू शकेन?”

“मी सांगेन तेव्हा.”

“तेव्हा मैदानात बाबा नकोत,” ती बाईंना म्हणाली. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

बाई काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, “नाही येणार.”