दारामागचं पेन्सिलीचं लिखाण

२,०८,९५० मैल

वॉटी डूगल यांनी मला किल्ली दिली तेव्हा मीटरवर हा आकडा होता. सतरा वर्षांची डिझेल व्हॅन, मागे बर्फाची पेटी, आणि आयमथ बंदराच्या धक्क्यावरून मासळी घेऊन डोंगरातल्या अकरा गावांची फेरी.

"सकाळी आधी इंजिन चालू कर, मग चहा पी. चहा संपला की निघ. आणि चढ चढून आलीस की दोन मिनिटं तिला चालू राहू दे, लगेच बंद करू नकोस. बाकी सगळं मागच्या दाराला आतून लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. पेन्सिलीनं, बारीक, वरपासून खालपर्यंत.

२,०८,९५० मैल, अजून तेवढेच

दुसऱ्या दिवशी अन्न तपासणीवाले येणार होते. मी ब्लीच घेतलं आणि दार आतून घासलं. लख्ख. तपासनीस खूश, मीही.

२,३१,२०४ मैल

दोन वर्षांनी. वार्षिक तपासणीच्या आधी गॅरेजवाली एफी रेनी बॉनेटमधून डोकं काढून म्हणाली, "उना, टायमिंग बेल्ट कधी बदललास?"

"मी? कधीच नाही."

"वॉटीनं?"

"दारावर लिहिलं असेल."

"मग वाच की."

मी मागचं दार उघडून दाखवलं. आतून लख्ख.

"ब्लीच?" एफीनं विचारलं. "शाब्बास! तुझी मासळी स्वच्छ, इंजिन रामभरोसे."

बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळणार, इंजिन भंगारात. बदलायचा तर साडेसहाशे पौंड. व्हॅनची किंमत, चांगल्या दिवशी, नऊशे. साडेसहाशे माझ्याकडे नव्हते, नवी व्हॅन तर दूरच. म्हणजे फेरीच बंद. अकरा गावं, आणि मी.

"उघड," मी म्हणाले. "बघू तरी."

कव्हर निघालं. एफी बराच वेळ वाकून होती.

"इकडे ये."

बेल्टवर पांढऱ्या रंगात तेच बारीक अक्षर: वॉ. डू. २,०८,९१०. नवा. पाण्याचा पंपही.

"तुला द्यायच्या चाळीस मैल आधी," एफी म्हणाली. "विकायच्या गाडीला नवा बेल्ट कोण घालतं गं?"

माझ्याकडून त्यांनी बाराशे घेतले होते. त्यातले निम्मे इथेच गेले असणार.

"अजून तीस-चाळीस हजार मैल बघू नकोस याच्याकडे," म्हणत तिनं कव्हर लावलं.

२,३१,२६१ मैल

वॉटी आता फेरीच्या शेवटच्या गावी लेकीकडे राहतात. मी चढ चढून थांबले, इंजिन चालूच ठेवून. ते काठी टेकत आले आणि आधी बॉनेटला कान लावला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बेल्ट दिसला," मी म्हणाले. "सांगितलं का नाहीत?"

"शेवटच्या ओळीत लिहिलं होतं."

"दार मी घासून टाकलं."

ते खोकला येईपर्यंत हसले. "माझी बायको अकरा वर्षं मागे लागली होती, ते दार एकदा घासा म्हणून! जिंकली शेवटी."

मी त्यांना त्या दिवसातला सगळ्यात मोठा हॅडॉक मासा दिला. मग पेन्सिल पुढे केली.

"आठवेल तेवढं परत लिहून द्या."

काठी माझ्या हातात देऊन ते व्हॅनमध्ये मागे चढले. मासळीसाठी रांगेत उभ्या बायकांनी पिशव्या खाली ठेवल्या. घाई कुणीच केली नाही.

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी इंजिन बंद केलं, त्यांचं अक्षर हलू नये म्हणून.