चंद्राआड गेलेली ज्येष्ठा

नवरात्राची पाचवी माळ. तिकोणा पेठेच्या माळावर सगळं गाव माना वर करून उभं होतं, आणि चंद्राची कोर शिवायच्या आधीच ज्येष्ठेची तांबडी चांदणी मोकळ्या आभाळात गपकन विझली. बायकांनी हात जोडले.

"गिळली," गावाला इथं जमवणारे तारकनाथ महाराज म्हणाले. "सुनेचा दोष चंद्रानं गिळला. आता घरी जा, दारं लावा. उजाडायच्या आत वर बघंल, त्याच्यावर दोष उलटंल." ग्रहतारे जणू यांच्या घरचे गडीच!

सून म्हणजे सारिका. ज्येष्ठा नक्षत्राची बाई थोरल्या दिराला खाते म्हणे. थोरले दीर महिपती यांची मूत्रपिंडं निकामी, लोणावळ्याला डायलिसिस चालू होतं. 'मशीन रक्त शोषतं' असं सांगून महाराजांनी तेच बंद करवलं. चार खेपा चुकल्या, पाय सुजून खांब झाले, तरी चिमाबाई सासू सुनेलाच बोल लावत होती.

सारिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नाआधी दोन वर्षं ती वेधशाळेत होती. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं, चंद्राआड जाणारा तारा विझायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि त्यावरून तारा केवढा ते काढायचं, हे तिचं काम. हीच ज्येष्ठा विझायला सेकंदाचा जेमतेम बारावा हिस्सा लागला होता, आणि ती सूर्याहून शेकडो पट रुंद निघाली होती. सोयरीक जमवताना हे कुणी विचारलं नाही, पत्रिका तेवढी मागितली.

"दादा, थांबा," ती महिपतींना म्हणाली. "कोरीला लागून चंद्राचा अंधारा भाग असतो, चांदणी त्याच्याआड गेलीय. वेळ आधीच गणितानं काढलेली असते. तासाभरात ती पलीकडून निघेल. ती निघालेली कुणाला दिसू नये, म्हणूनच महाराजांनी दारं लावायला सांगितली."

महिपती थांबले, म्हणून दहाबारा माणसं थांबली. तासाभरानं कोरीच्या उजळ कडेला तांबडा ठिपका आला. महाराजांची गाडी तोवर पवनानगरच्या पुढं गेली होती.

चिमाबाईनं कपाळावर हात मारला. "परत आली. म्हंजे दोष न्हाईच गेला."

"आई, माजं पाय बघ," महिपती म्हणाले. "सकाळी मला लोणावळ्याला न्या."

नेलं. पण पाणी फुप्फुसात भरलं होतं. ऐन दसऱ्याला ते गेले, आणि गावात पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली.

दशक्रियेला पवनेच्या काठी श्रद्धांजलीची भाषणं झाली. शेवटी सारिकानं माईक घेतला.

"दादांना चांदणीनं खाल्लं नाही. डायलिसिस थांबवा म्हणणारा एक होता, थांबवणारे आपण सगळे. मीही दोन आठवडे तोंड शिवून बसले, ते मला जन्मभर छळणार आहे. पुढं कुणी औषध सोडा म्हणाला, तर आधी आजाऱ्याला दवाखान्यात न्या. माझी पत्रिका मग खुशाल बघत बसा."