काटवनातली घंटा

"मीठ आणखी आत टाका, भाऊजी. कडेला शिंपडलंत तर गुरं कडाच चाटत बसतील," नासिएकू म्हणाली.

ल्पातिलानने मूठ उघडली नाही. समोर तांबड्या सालीचे काटवन उभे होते. त्याच्या बुडाशी गवताचे पातेही धरत नसे. वस्तीने ठरवले होते : मिठाची लालूच दाखवून शंभर गुरे दाटीने आत घालायची, खुरांनी काटे तुडवायचे, शेणाने भुई जागवायची. पलीकडची दोन काटवने अशीच मोडून तिथे गुडघाभर गवत आले होते. हे तिसरे तो तीन वर्षे टाळत आला होता.

अकरा वर्षांपूर्वी, दुष्काळात, चुकलेल्या गाईमागे त्याचा धाकटा भाऊ लोइगेरो यात शिरला होता, नासिएकूचा नवरा. त्यानंतर बाहेर आला तो फक्त गाईच्या लाकडी घंटेचा आवाज. वारा पडलेला असतानाही ती आत कुठेतरी वाजे. रोज सांजेला ल्पातिलान कडेला उभा राहून भावाला नावाने हाक मारी. त्या हाकेवरच गुरे घराकडे वळायला शिकली होती. संबुरू जमातीचा माणूस मेलेल्याचे नाव उच्चारत नाही. लोइगेरोचे उच्चारता येत होते, म्हणून लोइगेरो होता.

"अकरा वर्षं ना धड बायको, ना धड विधवा," नासिएकू म्हणाली. "तुमच्या त्या हाकेपायी डोकंसुद्धा भादरता येत नाही. केस पिकले. आता उवांना वारस नेमू का?"

"तो सापडला तर?"

"तर सुटेन मी. टाका मीठ."

त्याने मूठ उघडली.

दुपारपर्यंत काटे मोडत राहिले. मग एकाएकी सारे थांबले.

आत शंभर गुरे कडे करून, माना खाली घालून उभी होती. पायांशी पडलेल्या मिठाला कुणी जीभ लावली नव्हती. बहुतेक तर धाकटा भाऊ गेल्यानंतर जन्मलेली. तरी सगळ्यांच्या छातीतून एकच दबका, खोल हंबर निघत होता. मधोमध गाईची हाडे होती, आणि तिच्या बरगड्यांना बिलगून माणसाची. शेजारी घंटा. लोलक केव्हाच गळालेला, पोकळीत वाळवीने गच्च माती भरलेली.

नासिएकू खाली बसली. गळ्यातले मणी एकेक सर करून उतरवू लागली.

"पातं आहे ना कमरेला?" तिने हात पुढे केला.

त्याने दिले.

सांजेला तो सवयीने कडेला जाऊन उभा राहिला. गुरांनी माना वर केल्या, वाट पाहिली. त्याने तोंड उघडले, मिटले. मग एकेका गुराच्या पाठीवर हात ठेवून तो त्यांना घराकडे वळवू लागला.