बेटाचा बेत

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात आमच्या सिंदीच्या घरात तीन आठवडे बेटावर जायची तयारी चालली होती. तयारी करणारे दोघं. एक माझे यजमान वासुदेवराव, पंचायत समितीतले कारकून. दुसरे त्यांचे मित्र रूपराव, जिनिंगच्या कारखान्यात कापूस तोलायच्या काट्यावर बसणारे. चहा करणारी मी, सुलोचना, शाळेत तिसरीच्या वर्गाची बाई.

मलाही जायचं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि माहेर आणि लोकांची लग्नं सोडली तर मी कुठं म्हणून गेले नव्हते. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. यजमान म्हणाले, पाण्यातून जावं लागतं, बाईमाणसाचं काम नाही. माझं माहेर नदीकाठचं, पोहणं मला चालण्याइतकंच येतं. या दोघांनी न्हाणीतल्या बादलीपलीकडे अंगाला पाणी लागू दिलेलं नव्हतं. पण ऐकतंय कोण!

बेटाची बातमी आणली भैयाजींनी. ते हिंगणीच्या पलीकडचे, जंगलाला लागून त्यांचं शेत. रूपरावांकडे कापूस घेऊन आले तेव्हा बोलता बोलता म्हणाले होते की आमच्या तलावावर एक बेट आहे, इतकं दाट की दुपारीही ऊन लागत नाही, माणूस तिकडे फिरकत नाही. एवढ्यावर हे दोघं पेटले.

युरियाच्या रिकाम्या पोत्यांना नाड्या लावून पाठीवर घ्यायच्या पिशव्या झाल्या. त्या मी शिवल्या. जुन्या गोणपाटाच्या बोऱ्यांचा तंबू झाला, तोही मीच शिवला. अंगणात उभा करून पाहिला तेव्हा दोघं आत होते आणि दार ठेवायला सांगायचं राहिलं होतं. मी त्यांना लगेच बाहेर काढलं नाही. मग ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब आल्या. पोहण्याचा सराव बाजेवर. यजमान रोज सकाळी बाजेवर पालथे पडून हातपाय मारत. शेजारच्या मनकर्णाबाईंनी कुंपणावरून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, भाऊजींना असं कधीपासून होतंय.

पुढं बेटाला नाव काय द्यायचं यावरून जुंपली. रूपरावांना त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं होतं, यजमानांना आईचं. दोन दिवस अबोला होता. शेवटी अर्धं बेट वडिलांना आणि अर्धं आईला असं ठरलं, आणि पुन्हा चहा सुरू झाला.

बाजाराच्या दिवशी भैयाजी घरी आले. यजमान मागच्या अंगणात बाजेवर पोहत होते. चहा देता देता मी सहज विचारलं, "काठापासून बेट किती लांब हाय, भैयाजी?"

"लांब काऊन राहीन, वैनी? काठावरच हाय. आमचा बुरड टोपल्याले तिथूनच तं बांबू तोडते."

मी कपाळाला हात लावला. भैयाजींचं बेट म्हणजे बांबूचं बेट. चारी बाजूंनी पाणी असलेलं बेट या दोघांच्या डोक्यातच तेवढं होतं.

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रूपराव आल्यावर त्यांच्यासमोरच यजमानांना विचारलं की पाणी नसतं तर मला नेलं असतं का. तोंडभर हसून ते म्हणाले, "पाणी नसतं तं तुले सगळ्यात पह्यले नेलं असतं." रूपरावांनीही मान डोलावली.

मग मी सांगितलं.

रूपराव म्हणाले की बांबू पाहायला एवढ्या लांब कशाला जायचं, बांबू तर आपल्या छपरालाही आहे. यजमानांनी आढ्याकडे पाहिलं आणि बेत रद्द झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी होतं तेव्हा पाण्यामुळं नाही, आणि पाणी नाही तर जायचंच नाही! मी म्हटलं, रविवारच्या पहिल्या गाडीनं मी जाणार. तंबू मी शिवलाय, तो माझा.

रविवारी पाठीवर युरिया घेऊन मी एसटीत बसले. लोक बघत होते, बघोत. मनातून मात्र वाईट वाटत होतं. एकटीनं जावं अशी माझी कधी इच्छा नव्हती. कंडक्टरनं घंटी वाजवली तेवढ्यात यजमान धापा टाकत चढले. गळ्यात ट्यूब. शेजारी बसले. रूपरावांचं पोट दुखत होतं म्हणे.

वाटेतलं सेलू मागं पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग हळूच म्हणाले, "तलावात पाणी तं राहीन ना?"

"राहीन."

"मले खरंच पोहणं शिकाचं होतं, सुलोचना. तुले पोहता येते, मले नाई येत, म्हणून तुले नको म्हणत होतो. आता शिकवशीन का?"

नऊ वर्षांत या माणसानं पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं होतं. माझा राग कुठल्या कुठं गेला, आणि डोळे भरून आले ते मी पदरानं पुसले.

"शिकवीन," मी म्हटलं. "पण मी सांगीन तसंच कराचं."

"हो बाई," ते म्हणाले, आणि ट्यूब मांडीवर घेऊन नीट बसले.