सुराला आधीच कळलं होतं

मावशीचं म्हणणं असं, की त्या चित्रपटात सुराला सगळं आधी कळतं आणि माणसांना मागाहून. हे मत तिनं चाळीसेक वर्षं घरातल्या चांदीच्या भांड्यासारखं जपलं होतं. आल्यागेल्यासमोर काढायचं, पुसून लखलखीत करायचं, आणि कुणी हात लावायला गेलं की पुन्हा कपाटात.

चित्रपट एका अंतराळयानाचा. तरुण कप्तान दूरच्या एका ताऱ्याकडे निघतो. तो परत येईल तेव्हा इथे शंभर वर्षं उलटून गेलेली असणार, म्हणजे आईची आणि त्याची ही शेवटची भेट. मावशीनं तो पाहिला तेव्हा ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. दिवसभर परक्यांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायची, आणि त्यामुळे आपला कान फार तयार झालाय असा तिचा पक्का समज होता. तर त्या चित्रपटात यान ढग फोडून वर जातं, पडद्यावर एकही माणूस नसतो, आणि सगळा वाद्यवृंद गप्प होऊन एकटा हॉर्न, ते वेटोळ्याचं पितळी फुंकवाद्य, एक संथ धून वाजवतो. कशासाठी, ते कळत नाही. मग कप्तानाला घर आठवतं. आई खिडकीशी पाठमोरी उभी राहून कप पुसत असते, आणि तीच धून पुन्हा येते.

"म्हणजे बघा, संगीतकार आपल्या आधीच रडून मोकळा झालाय!" असं मावशी म्हणायची, आणि मग थोडं थांबायची. ऐकणाऱ्याला भारावून जायला वेळ नको का?

भारावून न जाणारा माणूस एकच, दातांचे डॉक्टर. दवाखाना त्यांनी केव्हाच बंद केला होता, पण बाहेरच्या खोलीतली बाकडी आणि रेकॉर्डचं यंत्र तसंच ठेवलं होतं. दर रविवारी दुपारी तिथे अंतराळातल्या चित्रपटांचं संगीत ऐकणाऱ्यांचं मंडळ भरायचं. पूर्वी आठ-दहा जण असायचे. काही वारले, काही शहाणे झाले, उरले हे दोघं.

"बाई, तुम्ही उलटं सांगता," डॉक्टर दर रविवारी म्हणत. "आई आधी दिसते, यान मागून सुटतं. धून नुसती आठवण करून देते, शिपायानं साहेबांची बॅग मागून आणावी तशी."

"डॉक्टर, जन्मभर ते भोकं पाडायचं यंत्र कानाशी घरघरवलंत. तुमच्या आठवणीलाही भोक पडलंय."

"तुम्ही झोपला असाल."

"झोपले होते ते आमचे हे. मी टक्क जागी होते."

"आणि मुळात अंतराळात हवा नाही. हवा नाही तिथे आवाज नाही. मग हा हॉर्न फुंकतंय कोण?"

"हवा नाही म्हणूनच तर सगळा वाद्यवृंद लागतो! हवा असती तर शिट्टीवर भागलं असतं."

अशा सामन्यात मावशी पडली तरी तिचं नाक वरच असायचं.

आता कुणीही म्हणेल, चित्रपट पुन्हा बघून निकाल लावावा. डॉक्टरांनी तेही करून पाहिलं. आधी कॅसेट आणली, मग चकती आणली, शेवटी नातवाचा मोबाइल आणला. मावशी तिन्ही वेळा डोळे मिटून बसली. "समुद्र बादलीत बघायचा नसतो," हे तिचं जपून ठेवलेलं दुसरं वाक्य. आणि रेकॉर्डवरून काही ठरत नव्हतं, कारण ती काढणाऱ्यांनी धुना ऐकायला बऱ्या वाटतील अशा क्रमानं लावल्या होत्या. त्यांच्या हिशेबानं यान सुटायच्या आधीच परत येत होतं.

मावशीचं मत कपाटातच राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तिला एक भाची होती, धाकट्या बहिणीची मुलगी. ती लहानपणी सुट्टीत मावशीकडे असायची, आणि गोष्टीऐवजी तिला हे मत ऐकवलं जायचं. पोरीनं ते मनावर घेतलं. एवढी वाद्यं जगात असताना हॉर्नच धरला. "गाडी नाही दारात आणि नुसता हॉर्न," असं नातेवाईक हसले, पण पोर टिकली, शिकली, मोठ्या वाद्यवृंदात लागली. पहिल्या, म्हणजे मुख्य हॉर्नच्या खुर्चीवर तिला बसवलं होतं, पण नेमणूक अजून पक्की व्हायची होती. आणि त्याच वर्षी वाद्यवृंदानं नेमका तोच चित्रपट घेतला. वर पडद्यावर चित्रपट चालणार, त्यातलं संगीत तेवढं काढून टाकलेलं, आणि ते खाली बसलेल्या वादकांनी तिथल्या तिथे वाजवायचं.

खेळाच्या आदल्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला.

"मावशी, आज तालमीला येशील? आमचे सर ऐकतच नाहीत. यान सुटतानाची धून मी तू सांगितलीस तशी वाजवते, कोरडी. म्हणजे अजून कुणाला काही कळलेलं नाही अशी. ते म्हणतात, तिथे काळीज फाटायला हवं."

"काळीज फाटायला? तिथे? माणूस बिनकानाचा दिसतोय."

"मावशी, थट्टा नको. आज शेवटची तालीम. आज जमलं नाही तर धून शेजारच्या खुर्चीवर जाणार. आणि धून गेली की माझी खुर्चीही गेलीच म्हणून समज. तू येऊन नीट समजावून सांग त्यांना. तुला छान सांगता येतं."

मावशीनं ठेवणीतली साडी काढली. वाटेत डॉक्टरांना घेतलं. साक्षीदार हवा म्हणून, असं ती म्हणाली. "साक्षीदार कसला, मी विरुद्ध बाजूचा वकील," डॉक्टर म्हणाले, पण आले. टॅक्सीत तिनं भाषण मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. कुठे थांबायचं तेही ठरवून ठेवलं.

सभागृह रिकामं होतं. मंचावर मात्र सत्तर-ऐंशी वादक दाटीवाटीनं बसलेले, प्रत्येकाच्या घोट्याशी वायरींचं जंजाळ, कुणाच्या खुर्चीखाली पाण्याची बाटली, कुणाच्या खाली अर्धवट विणलेला स्वेटर. वाद्यवृंदाचे संचालक, म्हणजे भाचीचे सर, अंगानं काटकुळे, बाह्या सरसावलेले, चष्मा कपाळावर. भाचीनं हॉर्नआडून मावशीला डोळ्यांनीच नमस्कार केला. दोघं तिसऱ्या रांगेत बसली. दिवे मंद झाले आणि चित्रपट सुरू झाला.

मावशी अगदी सुखावून गेली. तोच भव्य पडदा, तेच काळंभोर आकाश. समुद्र पुन्हा समुद्राएवढा झाला होता. इतक्यात पडद्यावर स्वयंपाकघर आलं. खिडकी आली. खिडकीशी पाठमोरी आई आली, कप पुसत.

"हे नंतर येतं," मावशी कुजबुजली.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांनी तिचं म्हणणं खोडून काढलं नाही.

दारात कप्तान उभा राहिला. आई वळली नाही. व्हायोलिनच्या हलक्या सुरांवर हॉर्ननं ती धून एकदा वाजवली. कप्तान गेला. आणि त्यानंतर, डॉक्टर दर रविवारी सांगत तसं, नेमकं तसं, यान ढग फोडून वर निघालं.

मावशीची स्मरणशक्ती दांडगी, असं घरीदारी सगळे म्हणत. ती खरोखरच दांडगी होती. त्या दिवशीचं तिला सगळं आठवत होतं, फक्त त्याचा अर्थ लावायचा तेवढा राहून गेला होता. गावात तेव्हा दोन थिएटरं होती आणि चित्रपटाची प्रत एकच. तिकडचं रीळ दाखवून झालं की एक माणूस ते सायकलवरून इकडे आणायचा. त्या दिवशी मध्येच दिवे लागले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मॅनेजरनं पडद्यापुढे येऊन हात जोडले. पंखे बंद आहेत म्हणून माफी मागताहेत, असं मावशीला वाटलं होतं. ती पाणी प्यायला बाहेर गेली, तर तो सायकलवाला दोन डबे छातीशी धरून धापा टाकत जिना चढत होता. दोन डबे! एकात आधीचं रीळ, एकात नंतरचं. खाली लोक खुर्च्या बडवताहेत म्हटल्यावर यंत्रावरच्या माणसानं हाताला लागलं ते रीळ चढवलं असणार. म्हणून यान आधी सुटलं. म्हणून आई मागून आली. आणि मावशीनं त्याला कप्तानाची आठवण म्हटलं, दिग्दर्शकाचं धाडस म्हटलं, संगीतकाराची प्रतिभा म्हटलं. प्रतिभा कसली नि काय, सायकलची चेन उतरली असेल.

मंचावर भाची ती धून वाजवत होती. कोरडी. मावशीनं शिकवली होती तशीच. पडद्यावर आई नुकतीच मागे राहिलेली, आणि हॉर्न आपला परक्यासारखा, जणू बसची वाट बघतोय.

संचालकांनी काठी आपटली. वाद्यं थांबली, वर पडद्यावर यानही थांबलं.

"पुन्हा तेच! अहो, हिला काळीज आहे की नाही?"

"सर," भाची उभी राहिली. "तिथे अजून कुणाला काही कळलेलं नसतं. फक्त सुराला कळलेलं असतं. ही माझी मावशी. तिनं हा चित्रपट पहिल्यांदा लागला तेव्हा मोठ्या पडद्यावर पाहिलाय. तिला विचारा."

मंचावरच्या सगळ्या माना वळल्या. मावशी उठली. भाषण जिभेच्या टोकावर तयार होतं, आणि ती ते करूही शकली असती. 'अर्थ नाना तऱ्हेनं लावता येतो' असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती, यात ती तरबेज होती. डॉक्टर खालून हळूच म्हणाले, "बोला बाई, काय बोलायचं ते. मी मध्ये पडणार नाही." त्यांची ही दया तिला सगळ्यात जास्त झोंबली.

पण समोर पोर उभी होती, मावशीचं मत छातीशी धरून, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आपला हॉर्न हळूच मांडीवरून उचलत होता.

"मी तो चित्रपट उलटा पाहिला," मावशी म्हणाली.

"उलटा म्हणजे?" संचालकांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "डोकं खाली करून?"

"तसा पाहिला असता तरी बरं झालं असतं, निदान आपल्याला काही दिसत नाहीये हे तरी कळलं असतं." आणि तिनं ते दोन डबे, जिना, शिट्ट्या सगळं सांगितलं. "तेव्हा तुमचं बरोबर आहे. डॉक्टरांचंही बरोबर आहे, हे मी चाळीस वर्षांत एकदाच म्हणणार आहे, त्यांनी लक्ष देऊन ऐकावं."

मागे ढोलांजवळ कुणीतरी फिसकन हसलं. मग व्हायोलिनवाल्या हसल्या, मग सगळा मंच. ही गोष्ट सांगताना मावशीला कुठेच थांबावं लागलं नव्हतं.

भाची मात्र हसली नाही.

"मावशी, मी हा बाजा त्या एका धुनेसाठी घेतला. पहिल्या परीक्षेतही मी तुझंच सांगितलं होतं."

"मग पास झालीस ना?"

"मावशी!"

"हे बघ बाळा," मावशी पुढच्या रांगेच्या पाठीला धरून म्हणाली. "माझं चुकलं, कारण आई मला मागाहून दिसली. तुला तर आत्ता दिसली. या सगळ्यांना दिसली. मग तू कुणापासून लपवतेस? वाजव की. मला काय वाटेल त्याचा विचार करू नकोस, मला काय वाटतं ते एका सायकलवाल्यानं ठरवलंय."

भाची खाली बसली. तिनं हॉर्न उलटा करून त्यात फुंकून साचलेलं पाणी काढलं, ओठ पुसले, बराच वेळ पुसले. संचालकांनी हात वर केला. यान पुन्हा जमिनीवर आलं आणि पुन्हा सुटलं.

यावेळी पहिल्याच सुराला हॉर्न भरून आला. मावशीला न आवडणारं सगळं त्यात होतं. सूर लांबवला होता, वर चढताना जरा फाटलाही, आणि शेवटी तो सोडवतच नव्हता. मावशीला हे ऐकून राग आला, आणि राग यायच्या आधीच डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढून न बघता पुढे केला.

धून संपली. संचालकांनी शाबासकी दिली नाही. नुसतं पान उलटलं आणि "पुढे," म्हणाले. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं हॉर्न पुन्हा मांडीवर ठेवला.

चहाच्या सुट्टीत भाची धावत खाली आली. गाल लाल, ओठांवर वाद्याचा गोल ठसा.

"कसं झालं?"

मावशीनं डॉक्टरांच्या रुमालानं डोळे टिपले.

"मला काय विचारतेस? मी रडत होते, ऐकलं कुठे?"

"जरा संथ झालं, नाही?" डॉक्टर म्हणाले.

"संथ?" मावशी गर्रकन वळली. "आईला सोडून चाललाय तो, डॉक्टर, तुमच्याकडून दात काढून पळत नाहीये!"

आता मात्र भाची हसली. हसता हसता तिनं मावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं. "उद्या खेळाला येशील ना? की आता तुझा त्या चित्रपटातला रसच गेला?"

"येते तर," मावशी रुमालात नाक शिंकरत म्हणाली. "अगं, मी तो अजून पाहिलाय कुठे?"