घरचं काम बंद

चिमणाबाईचं तोंड आधीच फाटकं. त्यात पावणं दिसलं की तिला कसला धरबंधच राहायचा नाही.

गोकुळ शिरगावच्या कारखान्यात परदेशी कंपनीच्या खेळाच्या जर्स्या शिवल्या जायच्या. त्यांचे गठ्ठे चिमणाबाई घरी आणायची, लोंबणारे दोरे कापून, घड्या घालून परत द्यायची. घरीच, कारण नवरा पिराजी लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. त्याला पाणी पाजायला, कूस बदलायला दुसरं होतं कोण?

एक दिवस त्या परदेशी कंपनीची अवंतिका आली. माल पुरवणाऱ्या कारखान्यांसाठी नवे नियम करायचे होते म्हणे, तेही कामगारांना विचारून! मालक विश्वजितनं सगळ्यांना बजावलं होतं, घरी जाणाऱ्या कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पण चिमणाबाई गठ्ठा द्यायला गेली, आणि फाटकापाशी उन्हात उभी राहिलेली ती कंपनीची पोरगी बघून हिला राहवलं नाही.

"पावणं, जेवल्याबिगर कुठं निघालासा? घर हितंच हाय की!"

आणि नेलं की हो घरी! एका बाजूला पिराजी, एका बाजूला जर्स्यांचा ढीग, मधे पावणीचं ताट. भाकरी थापता थापता हिनं सगळं सांगून टाकलं. "तुमच्या नियमात एवढं घाला बाई, घरात करणारीलाबी कारखान्याएवढाच दर. मी काय कमी काम करतो व्हय?"

अवंतिकाचे डोळे भरून आले. "मावशी, मी हे नक्की मांडते," म्हणाली. मांडलंही तिनं. खोटं कशाला बोला, पोरगी वाईट नव्हती. पण कंपनीतली वरची माणसं दचकली. घरात कोण राबतं, पोरंबाळं राबतात की काय, कोण बघत बसणार? त्यापेक्षा बंदच करा. झालं! कारखान्याबाहेर धागासुद्धा जाता कामा नये, असा नियम आला आणि गल्लीतल्या सगळ्या बायांचं काम गेलं.

"वाढ आता पावणीला आनीक भाकरी!" शेजारची बयाबाई तोंडावर म्हणाली.

अवंतिकानं शब्द टाकला म्हणून विश्वजितनं चिमणाबाईला तेवढं आत कामावर घेतलं. आत पंखे, थंड पाणी, पोरांना पाळणाघर, सगळं नियमाप्रमाणं. माझ्या म्हाताऱ्याला ठेवायची सोय हाय का, असं हिनं विचारलं तेव्हा ऑफिसातली माणसं हसली. मेल्यांना हसू तरी कसं आलं! किल्ली शेजारी द्यावी, तर बयाबाई हिच्या दाराकडं बघायला तयार नाही. मग पिराजीच्या उशाशी तांब्या ठेवून, बाहेरून कुलूप घालून ती जायला लागली. त्याचा हात तांब्यापर्यंत पोचत नव्हता. तरी ठेवायचा म्हणून ठेवायची.

पावसाळा सरल्यावर अवंतिका विश्वजितबरोबर कारखाना बघायला परत आली. हसत जवळ येऊन म्हणाली, "मावशी, आता कसं वाटतंय? पगार पुरता, डोक्यावर पंखा, प्यायला गार पाणी."

"ग्वाड हाय की पाणी," चिमणाबाई म्हणाली. "त्यातलं भांडंभर आमच्या माणसाला पाजून येतो. सकाळधरनं कुलपात पडलाय. जाऊ व्हय?"

अवंतिकाचं हसू गेलं. तिनं विश्वजितकडं पाहिलं, विश्वजितनं तिच्याकडं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मावशी, घरचं घरच्यांनी बघायचं असतं. त्यात कंपनी पडत नाही."

"घरची मीच हाय की गं एकटी," चिमणाबाई म्हणाली आणि तिनं पुढची जर्सी ओढली.